मुलगा बदलला आहे, म्हणजे नेमके काय झाले आहे?

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही आपणांपुढे खाटांची संख्या, शस्त्रक्रियांचा आढावा आणि जमाखर्च मांडतो. ते सर्व याही वर्षी अहवालात छापलेले आहे. आज थोडा वेळ अशा एका विषयासाठी मागून घेत आहोत, ज्याचा रकाना आमच्या कोणत्याही तक्त्यात नाही. बाह्यरुग्ण विभागात ‘अशक्तपणा’ किंवा ‘पोटदुखी’ अशी नोंद करून आई-वडील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन येतात. तपासणी आटोपली की मुलाला बाहेर बसवतात, दार लोटून घेतात आणि हलक्या आवाजात विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, हा काही घेत तर नसेल ना?’

आम्ही स्वतः डॉक्टर नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या टेबलावरून प्रशासनात आलो. तेव्हा जे सांगत आहोत ते आमच्या डॉक्टरांकडून आणि समाजसेविकांकडून शिकलेले, आणि काही आमच्याच चुकीतून उमगलेले आहे.

इंदापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा अकरावीसाठी बारामतीत खोली घेऊन राहत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दिवाळीला घरी आला तो निराळाच. पंक्तीला बसेना, रात्रभर जागा, दिवसा झोपलेला, विचारले की अंगावर येई. वजन उतरलेले, आणि खोलीवरून पैशांची मागणी मात्र वाढलेली. चुलत्यांनी निष्कर्ष काढला, वडिलांनी हात उगारला आणि रात्री त्याला आमच्याकडे आणले. तेथे आमची चूक झाली. अपघात विभागात, वडील, चुलते आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या नातेवाइकांदेखत आम्ही त्याला विचारले, ‘काय घेतोस?’ तो काहीच बोलला नाही. लघवीच्या तपासणीत काही आढळले नाही. घरचे सुटकेचा श्वास टाकून परतले. तीन आठवड्यांनी त्याने जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने तो वाचला. पुढे तो एकटा असताना समाजसेविकेशी बोलला, तेव्हा कळले की पैसे वरच्या वर्गातील दोन मुले धमकावून घेत होती आणि त्याला तीव्र नैराश्याने ग्रासले होते. अमली पदार्थाला त्याने हातही लावलेला नव्हता.

दुसरा अनुभव नेमका उलट आहे. बारामतीतीलच नववीतला एक मुलगा. कपड्यांना रसायनाचा वास, ओठांभोवती पुरळ, बोटांवर पांढरे डाग, बोलण्यात मधूनच जडपणा. आईने वारंवार सांगितले. नातलग म्हणाले, ‘वयच तसे आहे.’ यात पाच महिने गेले. मुलगा खाडाखोडीचे पांढरे द्रव आणि पंक्चरचे सोल्युशन हुंगत होता. केंद्र शासनासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आढळले. मुलांचे प्रमाण मोठ्यांहून अधिक असलेला हा एकच प्रकार. या वाफांनी हृदयाची गती अकस्मात बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू ओढवू शकतो, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

रोजकीर्द लिहिताना संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर कोणताही शहाणा हिशेबनीस रोखपालाला लगेच चोर म्हणत नाही. आणि ‘होते कधी कधी’ म्हणून वहीही मिटत नाही. तो एकेक पावती काढून पाहतो. मुलाच्या वागण्यातील तफावत अशीच पाहावी लागते. झोप, भूक, वजन, मित्र, पैसे, शाळेतील हजेरी यांपैकी काय बदलले, केव्हापासून आणि किती झपाट्याने, हे आईने एका कागदावर लिहून आणले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते. डोळे लाल आणि वृत्ती सुस्त असेल तर गांज्याची शंका येते. दोन-दोन रात्री जागरण, अन्नावरची वासना उडालेली, जबडा आवळलेला, संशयी बडबड आणि नंतर एकदम गळून पडणे, हे ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोनमध्ये दिसते. परंतु यांतील बहुतेक लक्षणे नैराश्यात, उन्मादात, थायरॉईडच्या विकारात, किंवा मुलावर कोणी अत्याचार करीत असेल तेव्हाही दिसतात.

‘आपल्या खेड्यापाड्यांत हे कोठून येणार?’ असे आम्हांला विचारले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शेजारच्या दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर छापा घालून शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले. भूल देताना उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाईनचे इंजेक्शन व्यायामशाळांतील तरुणांना चोरून विकल्याच्या कारवायाही अलीकडच्या वर्षांत पुणे परिसरात झाल्या. आमच्या औषध भांडारात त्या कुप्यांची मोजदाद आता दररोज होते. भांडारपालांना ते काम जाचक वाटते. आम्हांला वाटत नाही.

लघवीच्या तपासणीबद्दल एक खुलासा करणे आवश्यक आहे, कारण पालक हल्ली दुकानातून पट्टी आणून मुलाच्या नकळत परीक्षा घेऊ लागले आहेत. साध्या पट्टीवर मेफेड्रोन बहुधा दिसत नाही, हुंगलेली रसायने तर नाहीतच. उलट सर्दीच्या काही गोळ्यांनीही ती कधी कधी दोष दाखवते. पट्टी निर्दोष निघाली म्हणून निश्चिंत होणे आणि सदोष निघाली म्हणून मारहाण करणे, दोन्ही सारखेच घातक. शिवाय चोरून तपासणी केल्याचे मुलाला कळले, की तो घरात काही सांगेनासा होतो.

पोलिसांचे भय हे दडवण्याचे दुसरे मोठे कारण. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ नुसार, जी व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासकीय अथवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेते, तिला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याच्या खटल्यापासून संरक्षण मिळते; मात्र उपचार अर्धवट सोडता कामा नयेत. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे कायद्याचा रोख देणाऱ्यावर आहे.

देणगीदारांसमोर बोलताना पुण्याच्या ‘मुक्तांगण’चा उल्लेख करावासा वाटतो. १९८० च्या दशकात गर्दच्या व्यसनावर श्री. अनिल अवचट यांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झाले. गंभीर व्यसनाच्या रुग्णांना आम्ही आजही पुण्याच्या केंद्रांकडेच पाठवतो, कारण ती सोय आमच्याकडे नाही. तातडीने बोलायचे असल्यास १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.

त्या अकरावीतील मुलानंतर आम्ही नियम केला, की अठरा वर्षांखालील रुग्णाशी आरंभीची दहा मिनिटे डॉक्टर किंवा समाजसेविका एकट्यानेच बोलतील. वडील रागावतात, काही निघूनही जातात. नियम बदललेला नाही. क्ष-किरण विभागामागील जुनी सामानाची खोली त्यासाठी रिकामी करून तेथे दोन खुर्च्या, एक पंखा आणि पाण्याचा माठ ठेवला आहे. समुपदेशक मात्र अद्याप आठवड्यातून दोनच दिवस येतात. उरलेल्या दिवसांच्या मानधनाची तरतूद आगामी वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवली असून, ती मंजुरीसाठी विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत.