परतीच्या तिकिटाची घाई करू नका

सुट्टीत पुण्याला जाऊन फेसलिफ्ट करून घ्यायची आणि विश्रांतीला सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या घरी राहायचं, असा बेत आपल्यातल्या काहींनी मला बोलून दाखवला. मी त्याच तालुक्यातला आणि प्लास्टिक सर्जरीच्या शाखेतला सर्जन, म्हणून स्पष्ट सांगतो.

पहिली रात्र रुग्णालयातच काढा. कातडीखाली रक्त साकळण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त. एकच गाल अचानक फुगला, ठणका वाढला, तर सर्जन जवळ हवा. नीरा ओलांडून साठेक किलोमीटर लांब गेलेलं परवडत नाही. रक्तदाबाची गोळी चुकवू नका, डोकं उंच ठेवून उताणं झोपा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचते. आरसा पाहून भल्याभल्यांना रडू येतं. काळेनिळे डाग दोनेक आठवड्यांत ओसरतात, टाके त्याआधीच निघतात. बधिरपणा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो. कानात कुडी घालताना टोक रुतलं तरी कळत नाही. दाढी करताना कापलं, तर ते रक्त दिसल्यावरच समजतं. व्रण फिका व्हायला वर्षही लागतं.

असे दिवस मोजून थांबण्यात नवं काही नाही. पुण्याजवळ एका कुंभाराने कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून घडवलं. ती हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ऑपरेशनइतकीच नोंद तिथे नंतरच्या दिवसांची आहे: पाच-सहा दिवस रोग्याला उताणं निजवायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, कपाळाशी जोडलेली पट्टी पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायची. भूल नाही, प्रतिजैविकं नाहीत, पण दिवस मोजून ठरवलेले. कातडी जगते ती रक्तपुरवठ्यावर, आणि तो जमायला वेळ लागतो.

तो पुरवठा तोडते तंबाखू. सिगारेट कोणी ओढत नाही अशा आपल्याकडच्या घरातही मिशरीची डबी सापडते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. आधी आणि नंतर चार-चार आठवडे मिशरी पूर्ण बंद. लावत असाल तर लाजू नका, सर्जनला आधीच सांगा.

गावी भेटायला येणाऱ्यांना पहिले पंधरा दिवस प्रेमाने थांबवा. आणि परतीचं तिकीट तीन आठवड्यांच्या आतलं काढू नका. सर्जनने शेवटचं तपासून होकार दिल्यावरच विमानात बसा.