कॅमेरा आपला, टेप गावाची
(शिबिरात कॅमेरा गटाने केलेलं भाषण)



आम्ही कॅमेरा गटातली पोरं-पोरी. कोणी कोणी विचारतं, दावे भरायचे दिवस आहेत आणि तुम्ही शूटिंग काय करत फिरता? त्याचं उत्तर द्यायला उभे आहोत.

काही वर्षांमागे शहरातली माणसं आपल्या एका पाड्यावर आली होती. चांगली माणसं. एका आजोबांना त्यांनी दोन दिवस बोलतं केलं. जमीन कोणी फोडली, बांध कोणी घातला, गार्डाने उभी नागली कधी उपटली, सगळं आजोबांनी सांगितलं. टेपा घेऊन ते गेले. फिल्म झाली का, कुठे दाखवली, काहीच कळलं नाही. आजोबा वारले. आता त्या पाड्याला दाव्यासाठी जाणत्या माणसाचा जबाब पाहिजे, आणि तो आवाज कुठल्या कपाटात पडलाय कोणाला ठाऊक नाही. चूक एकट्या त्यांची नाही. एक नक्कल आम्हाला द्या, असं आपणही म्हटलं नाही.

पूर्वी फिल्म म्हणजे पैसेवाल्यांचं काम. १६ मिलिमीटरच्या चारशे फुटी रिळात ११ मिनिटांचं चित्र मावायचं, मग ते धुवायला लॅबमध्ये न्यायचं. आता हातात मावणारा डिजिटल कॅमेरा आहे. काडेपेटीहून थोडी मोठी टेप एक तास चालते. तिथल्या तिथे बघता येतं. नक्कल काढली तरी चित्र बिघडत नाही.

रांचीला 'अखरा' नावाचा गट आहे. त्यातले बिजू टोप्पो आपल्यासारखेच आदिवासी. त्यांनी आणि मेघनाथ यांनी २००३ साली 'विकास बंदूक की नाल से' ही फिल्म केली. ओरिसात काशीपूर भागात लोक बॉक्साइटच्या खाणीला विरोध करत होते. १६ डिसेंबर २००० ला मैकांच गावात पोलिसांनी गोळ्या घातल्या, तीन आदिवासी मेले. असल्या गोष्टी ही फिल्म दाखवते.

अशा फिल्मा दाखवायलाही लढावं लागतं. २००४ च्या मुंबईच्या सरकारी महोत्सवासाठी भारतातल्या फिल्मांना सेन्सॉरच्या सर्टिफिकेटची अट घातली होती. फिल्मवाल्यांनी एकजुटीने ती मागे घ्यायला लावली. तरी पुष्कळ फिल्मा निवडीत गळल्या. मग त्यांनी त्याच दिवसांत मुंबईतच 'विकल्प' नावाने आपला पडदा लावला. आपणही तेच करू. पाड्यावर चादर बांधू.

आता कामाचं बोलू.

एक. विचारल्याशिवाय कोणावर कॅमेरा धरायचा नाही. नको म्हटलं की बंद.

दोन. नुसती टेप म्हणजे पुरावा नव्हे. वनहक्काच्या नियम १३ प्रमाणे दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या माणसाचा जबाब लेखी लागतो. म्हणून टेप ऐकून जबाब लिहायचा, त्यांना वाचून दाखवायचा, सही-अंगठा घ्यायचा आणि वनहक्क समितीकडे द्यायचा. एका पुराव्यावर भागत नाही, निदान दोन लागतात. बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा, सगळ्याचं चित्र घ्या आणि समितीच्या कागदावर नोंदवा.

तीन. खोटं दाखवायचं नाही. कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५ आहे. काल फोडलेलं रान जुनं म्हणून दाखवलं, तर शंभर खरे बांधही खोटे ठरतील.

चार. टेप गावाची. ग्रामसभेने ठरवल्याशिवाय ती बाहेर जाणार नाही. कोणाचा चेहरा, कोणाचा एखादा सैल शब्द उद्या त्याच्याच विरुद्ध वापरला जाईल. बाहेरचे कोणी शूटिंगला आले तर आधी सभेत बसवा, नक्कल देणार का ते लिहून घ्या.

पाच. फिल्म पहिली पाड्यावर दाखवायची. लोक म्हणतील हे काढा, तर काढायचं.

सहा. शूटिंग झालं की टेपेची छोटी पट्टी सरकवा, म्हणजे त्यावर दुसरं चढणार नाही. नाव-तारीख लिहा. एक नक्कल पाड्यावर कोरड्या पेटीत, एक संघटनेत.

प्रत्येक पाड्याने एक मुलगा, एक मुलगी द्या. आम्ही शिकवू. आणि घरी गेल्यावर पहिलं काम हे करा: पाड्यातली सगळ्यात म्हातारी माणसं कोण, त्यांची नावं लिहून काढा. दाव्याची तारीख सरकार वाढवील, म्हाताऱ्यांची तारीख कोणी वाढवत नाही.

जोहार!