पिगीचं खरं नाव काय?

(पदवीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



बी.ए.ला आम्हाला विल्यम गोल्डिंग यांची १९५४ सालची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ ही कादंबरी होती. युद्धाच्या काळात विमान कोसळतं आणि इंग्रज शाळकरी मुलं निर्जन बेटावर अडकतात. सोबत मोठं माणूस एकही नाही. आमच्या गाइडमध्ये एक तक्ता होता. राल्फ म्हणजे लोकशाही, जॅक म्हणजे हुकूमशाही, पिगी म्हणजे बुद्धी, सायमन म्हणजे सद्भाव, शंख म्हणजे कायदा. मी तो पाठ केला, मार्कही मिळाले. तक्ता चुकीचा नाही. पण त्यात एक प्रश्न नव्हता. पिगीचं खरं नाव काय?

ते शेवटपर्यंत कळत नाही. पहिल्याच भेटीत तो राल्फचं नाव विचारतो. राल्फ उलट त्याचं नाव विचारत नाही. मला काहीही म्हण, फक्त शाळेत म्हणायचे ते नको, असं पिगी विश्वासाने सांगतो. राल्फ खो खो हसतो आणि पुढे सगळ्यांसमोर तेच नाव जाहीर करतो. लक्षात घ्या, हे करणारा जॅक नाही. गाइडमधली ‘लोकशाही’ हे करते.

पिगी आंटीकडे वाढलेला, तिचं मिठाईचं दुकान. त्याची इंग्रजी इतर मुलांसारखी ‘शुद्ध’ नाही. गाइडने त्याचा दमा आणि लठ्ठपणा सांगितला, त्याचा वर्ग सांगितला नाही. शंख कसा फुंकायचा हे तो सांगतो, फुंकतो राल्फ आणि पुढारीही तोच होतो. आग पेटते ती पिगीच्या चष्म्याच्या काचेने, आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवरून ओढून घेतला जातो.

ज्याच्या हाती शंख, त्याने बोलायचं, असा नियम होता. पिगीच्या हाती शंख असतानाही जॅक त्याला गप्प करतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच धोका सांगितला होता. राजकारणात समता आणि समाजात विषमता राहिली, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येतो. शेवटी रॉजर वरून दगड लोटतो तेव्हा पिगी मरतो आणि त्याच्या हातातल्या शंखाचेही तुकडे होतात.

माणूस मुळातच क्रूर, असा या कादंबरीचा अर्थ आम्हाला शिकवला गेला. मग रोजची क्रूरता पिगीच्याच वाट्याला का? सायमनलाही मारतात, पण रात्री, वादळात, भीतीच्या भरात. पिगीचा अपमान पहिल्या दिवसापासून भर उजेडात, सगळ्यांच्या हसण्यात चालतो.

मात्र पिगीला देव करू नका. रंग फासलेल्या मुलांना हिणवताना तो काळ्या माणसांसाठीची शिवी वापरतो. नंतरच्या काही आवृत्त्यांत तो शब्द बदलला आहे. खाली ढकललेला माणूसही आपल्याखाली कुणीतरी शोधतो. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता माझं. हॉस्टेलवर मला ‘फ्रीशिप’ म्हणायचे. “ए फ्रीशिप, नोट्स दे.” मी नोट्स द्यायचे आणि त्यांच्याबरोबर हसायचेही. दोन वर्षं. त्या खोलीतल्या एका मुलीला माझं पूर्ण नाव माहीत नव्हतं. कादंबरी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा ते हसणं आठवून मला झोप लागली नाही.

बेटावर सगळ्यांची नावं लिहून घ्यायला धडपडणारा एकटा पिगीच होता. पहिल्याच आगीनंतर चेहऱ्यावर डाग असलेलं एक लहान पोर दिसेनासं होतं, ते त्याच्याच ध्यानात येतं. शेवटी नौदलाचा अधिकारी विचारतो, तुम्ही किती जण आहात? राल्फला सांगता येत नाही. तो मित्रासाठी रडतो, पण त्याच्यासाठी तो मित्र तेव्हाही पिगीच असतो.

म्हणून आजचा वर्ग संपल्यावर लगेच उठू नका. शेजारी बसलेल्याला त्याचं पूर्ण नाव विचारा, आणि आपलंही सांगा.

जय भीम.