आधी गंज, मग रंग
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



समितीने मला "अमेरिकेतले अनुभव" या विषयावर बोलायला सांगितलं. नायगारा धबधबा तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला आहे. त्यामुळे त्यावर न बोलता मी एका जुन्या गाडीबद्दल बोलणार आहे. बँकेतला माणूस, म्हणून थोडे आकडेही येतील, सांभाळून घ्या.

आमचे चिरंजीव मिशिगन राज्यात असतात. मी आणि सौ. दोन उन्हाळे त्यांच्याकडे राहिलो. पहिल्या खेपेला गेलो तेव्हा घराच्या गॅरेजमध्ये १९५१ सालची शेवरोले पिकअप उभी होती. गाडी जवळजवळ माझ्याच वयाची. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात बरीच वर्षं पडून होती, ती मुलाने विकत आणली. किंमत मी विचारली नाही, सूनबाईंनी आपणहून सांगितली!

ही गाडी आपल्याला अगदी परकी नाही बरं का. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि शेवरोलेचे ट्रक तिथे जोडले जायचे. १९५४ साली तो बंद झाला. आपल्या एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, ती बेडफर्ड. बेडफर्ड म्हणजे याच कंपनीचं विलायतेतलं भावंड, आणि तिचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन शेवरोलेच्याच घराण्यातलं. माझं लहानपण धुळ्याला आग्रा रोडच्या गॅरेजांजवळ गेलं. त्यामुळे चिरंजीवांनी बॉनेट उघडल्यावर जो वास आला, तो ओळखीचा होता.

तिकडे मेकॅनिक तासावर पैसे घेतो आणि तो तास आपल्या खिशाला झेपत नाही. म्हणून लोक घरीच काम करतात. शेजारी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. इंजिन उचलायची घोडी त्यांनी दिली, सल्ला फुकट दिला. माझ्याकडे नोंदवही आली. खोललेला प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर नंबर, नंबर वहीत, सोबत फोटो. व्हाउचर आणि लेजरचा मेळ घालण्यात ज्याची नोकरी गेली, त्याला हे काम काय जड? जोडणीच्या वेळी एकही पिशवी उरली नाही आणि एकही कमी पडली नाही.

मुलाला आधी रंग करायचा होता. मित्रांना फोटो पाठवायचे होते ना! आजोबा म्हणाले, रंग सगळ्यात शेवटी. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पत्र्याच्या कानाकोपऱ्यात साचतं. वरून केबिन धड दिसत होती, पण मागच्या खालच्या कोपऱ्यात पेचकस टोचला तर आरपार गेला. तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड केला. त्यानंतर ब्रेक: मास्टर सिलिंडर, नळ्या, सगळं बदललं. गाडी चालण्याआधी ती थांबली पाहिजे, हा आजोबांचा नियम.

मग इंजिन. साडेतीन लिटरचं, बॅटरी सहा व्होल्टची, स्टार्टर पायाने दाबायचा. सुरू झालं, पण तेलाच्या दाबाचा काटा इतका खाली की मुलगा म्हणाला, "दादा, इंजिन गेलं. दुसरं टाकू." आजोबांनी समजावलं की या इंजिनची रचनाच कमी दाबाची आहे. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला चमच्यासारखा भाग असतो, तो फिरताना तेल उडवून बेअरिंगला देतो. कॉम्प्रेशन तपासलं, ठीक निघालं. जुनंच इंजिन राहिलं. आमच्या धुळ्याच्या गॅरेजातले उस्ताद पोरांना सांगायचे, "इंजिन काय सांगी राहिनं, ते पहिले आयक." तेच झालं.

दुसऱ्या खेपेला गाडी रस्त्यावर आली. आम्ही दोघं शेतांमधून फिरून आलो. परतताना मुलगा म्हणाला, "दादा, वीस वर्षं झाली या देशात, पण पहिल्यांदा इथलं काहीतरी माझं वाटतंय." ऐकून बरं वाटलं. आणि तो आता जळगावला परत राहायला येणार नाही, हेही मला तेव्हाच कळलं. घरी येईपर्यंत मी काही बोललो नाही. सौ.ना रात्री सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला केव्हाचं माहीत आहे."

मंडळी, आपल्या सोसायटीत निम्म्या घरांची हीच कथा आहे. मुलं पुण्यात, बंगळुरूला, परदेशात. या इमारतीत उरलेली वर्षं आपणच काढणार. म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त बाहेरून रंग द्यायचा ठराव आला आहे, त्याबद्दल दोन शब्द.

गच्चीतून पाणी मुरतं हे तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. ते पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. वरचा रंग त्याला थांबवत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के जमा करायचा असतो. वर्गणी वाढते म्हणून कुरकूर होते, पण न भरलेला हप्ता व्याजासकट वसूल होतोच. हे मी पस्तीस वर्षं बँकेत पाहिलं आहे.

तेव्हा माझी विनंती अशी: आधी ऑडिट, मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग तडे, आणि शेवटी रंग. नोंदवही ठेवायचं काम मी घेतो. त्याचं मानधन नको, फक्त संध्याकाळचा चहा पाळीपाळीने प्रत्येक घरून यावा.