होमस्कूलिंगचा फॉर्म कुठं मिळतो?

आजचा विषय घरातलाच आहे. मागच्या महिन्यात बोरीहून दादाचा फोन आला. म्हणाला, "तू सॉफ्टवेअरवाला ना? मग सांग, लेकराला घरीच शिकवायचं असलं तर शाळेला कळवायचा फॉर्म कुठल्या साइटवर भेटतो?"

माझी पुतणी आठ वर्षांची, तिसरीत आहे. वहिनी बीएड झालेल्या. एक-दोन वर्षं तिला घरीच शिकवायचं, असं त्यांच्या मनात आहे. मी रात्री बसून शोधलं. फॉर्म काही सापडला नाही, कारण असा फॉर्मच नाहीये!

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. वय 6 ते 14. त्याचं कलम 10 म्हणतं, लेकराला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. पण नाही घातलं तर पालकाला काय शिक्षा, हे कायद्यात कुठंच नाही. होमस्कूलिंगला परवानगी देणारं कलमही नाही. 2012 मध्ये केंद्र सरकारनं दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं होतं की, स्वखुशीनं घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही.

"मग गपचूप काढून घेऊ का?" दादा म्हणाला.

मी म्हटलं, अजिबात नको. लेकरू महिनाभर सलग शाळेत आलं नाही की ते 'शाळाबाह्य' धरलं जातं. शिक्षक घरी विचारायला येतात. आणि ते यायलाच पाहिजेत! आपल्या भागात ऊसतोडीला आईबापासोबत जाणारी लेकरं आहेत. धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलेल्या पोरी आहेत. त्यांच्या घरचेही उद्या म्हणतील, "आम्ही घरीच शिकवतो." बाईंना फरक कसा कळायचा?

म्हणून आम्ही साधं पत्र लिहिलं. मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, जिंतूर यांना. त्यात मुलीचं नाव, इयत्ता, कोणत्या तारखेपासून, कोण शिकवणार, काय शिकवणार, एवढंच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ही फक्त पोच आहे बरं का, परवानगी नाही.

आता परतीची वाट. कलम 4 प्रमाणे लेकराला वयाच्या मानानं योग्य त्या वर्गात पुन्हा प्रवेश मिळतो. एनआयओएसमध्ये तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत. वयाची 14 वर्षं झाली की तिथूनच दहावीही देता येते.

ही परीक्षा टाळू नका. मुंबईच्या मालविका जोशीला आईनं सातवीत शाळेतून काढलं. पुढं संगणक ऑलिंपियाडच्या पदकांवर 2016 मध्ये तिला अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला. पण बारावी नसल्यानं आयआयटीचं दार बंदच होतं. आपल्या प्रत्येक लेकराकडं अशी पदकं असतीलच असं नाही ना!

पत्र वाचून बाईंनी एकच विचारलं, "महिन्यातून एकदा तिला मला भेटायला आणाल का?" वहिनी लगेच हो म्हणाल्या. मला वाटतं, फॉर्म असता तर त्यात हाच रकाना सगळ्यात महत्त्वाचा असता.

तुमच्या ओळखीत कुणी असा विचार करत असेल, तर त्यांना हा भाग पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!