रस्त्यावरचें नृत्य आणि लाझरस
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाचे कार्यक्रम ठरवितांना आपल्या कांहीं तरुणांनीं हिप-हॉप नृत्याची परवानगी मागितली, तेव्हां माझ्या कपाळास आठ्या पडल्या, हें मी आरंभींच कबूल करितों. "हें रस्त्यावरचें नाचणें, यांत कला ती कोणती?" असें मीं विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर मला रेनी हॅरिस या अमेरिकन नृत्यदिग्दर्शकाच्या चरित्रांत सांपडलें.

हिप-हॉप ही १९७० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील गरीब तरुणांनीं घडविलेली कला. तिची शाळा म्हणजे रस्ता. हॅरिस यांचा जन्म १९६४ सालीं झाला. ते उत्तर फिलाडेल्फियांतील कृष्णवर्णीय वस्तींत वाढले व तेथेंच नाचूं लागले. १९९२ सालीं त्यांनीं 'प्युअरमूव्हमेंट' ही नृत्यमंडळी स्थापिली. रंगभूमीवर येणारा मनुष्य बहुधा आपली घरची बोली दाराबाहेर ठेवून येतो. हॅरिस यांनीं ती टाकिली नाहीं.

२००० सालच्या 'रोम अँड ज्युएल्स' या प्रयोगांत त्यांनीं रोमिओ-ज्युलिएटची कथा दोन टोळ्यांच्या वैरांत बसविली. त्यांत नायिका रंगभूमीवर मुळीं दिसतच नाहीं. नायक रिकाम्या जागेशीं बोलतो. ज्यांत आम्हांस केवळ उड्या दिसतात, त्याच नृत्यानें विरह दाखविला!

पुढें २०१८ सालीं न्यूयॉर्कच्या आल्विन एली नृत्यमंडळीनें आपल्या साठाव्या वर्षानिमित्त हॅरिस यांजकडून दोन अंकी नृत्य बसवून घेतलें. संस्थापक एली १९८९ सालीं वारले होते. त्यांचें जीवन आणि कृष्णवर्णीयांनीं सोसलेला अन्याय हा त्या नृत्याचा विषय. आणि नांव 'लाझरस'. चार दिवस थडग्यांत राहिलेल्या त्या मनुष्यास प्रभूनें हांक मारिली, हें आपण जाणतांच. पहिल्या अंकांत शोक आहे, भुईवर पडलेलीं शरीरें आहेत. दुसऱ्यांत तेच नर्तक पायांच्या द्रुत गतीनें उभे राहतात. हे पाय रस्त्यावरच शिकलेले.

मुलांनो, परवानगी दिली आहे. परंतु केवळ टाळ्यांसाठीं नाचूं नका; आपल्या वस्तीचें सुखदुःख त्यांत येऊं द्या. आणि वडील मंडळींनो, त्या सायंकाळीं आपण पुढच्या रांगेंत बसावें, ही विनंती. मी तेथेंच बसणार आहें.