४७ अंशांतून बर्फावर

मागच्या भागात म्हटलं होतं की माझ्या पुतणीची गोष्ट सांगतो. तर ऐका.

पोरगी चौदा वर्षांची. चंद्रपुरात पहाटे साडेपाचला बास्केटबॉलच्या कोर्टवर इनलाइन स्केट्स घालून फिरते. साडेपाचलाच, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७ वर जातो आणि आठनंतर सिमेंटवर पडलं की सोलतंही आणि भाजतंही. दिवाळीत तिने जाहीर केलं, "मला शॉर्ट ट्रॅक करायचंय. बर्फावर." दादा कोळसा खाणीत शिफ्टला असतो. मला फोन करून म्हणाला, "तूच समजव तिले. आपल्या इथं फ्रीजच्या बाहेर बर्फ दिसला का कधी?"

समजवायला म्हणून मी माहिती काढायला बसलो, आणि माझंच मत फिरलं.

शॉर्ट ट्रॅकची फेरी फक्त १११.१२ मीटरची. आइस हॉकीच्या मैदानाएवढ्या बर्फात मावते. म्हणजे सगळा खेळ वळणांचा! घड्याळाशी नाही, शेजारच्याशी शर्यत. वळणावर अंग इतकं झुकतं की डावा हात बर्फाला टेकतो, म्हणून त्या हातमोज्याच्या बोटांना कडक टोप्या असतात. ब्लेड जेमतेम एक मिलिमीटर जाड, तेही बुटाच्या मधोमध नाही, डावीकडे सरकवून बसवलेलं.

धोकाही आहे, लपवत नाही. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी. १९९४ मध्ये शर्यतीत दुसऱ्याचं ब्लेड मांडीत घुसलं, १११ टाके पडले. पुढे २००० मध्ये मान मोडली. आणि २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकमध्ये १००० मीटरच्या फायनलला हा सगळ्यात मागे, शेवटच्या वळणावर पुढचे चौघं एकमेकांत अडकून पडले, आणि हा उभ्याउभ्या सुवर्ण घेऊन गेला. पुतणीला हा व्हिडिओ दाखवला तर म्हणते, "काका, पण तो फायनलपर्यंत पोचला होता ना?" यावर काय बोलणार!

चाकांवरून बर्फावर जाणं नवीन नाही. अमेरिकेचा आठ ऑलिंपिक पदकं घेणारा अपोलो ओहनो आधी इनलाइनवालाच. आणि आपली पुण्याची श्रुती कोतवाल! तीही चाकांवरून बर्फावर गेली आणि २०१७ मध्ये सापोरोच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत भारताकडून धावली. तिचा प्रकार लाँग ट्रॅक, ४०० मीटरचा. पुण्यातही बर्फ पडत नाही, हे मी दादाला मुद्दाम सांगितलं.

खरा पेच जागेचा आहे. लेहला हिवाळ्यात खेलो इंडियाच्या शर्यती होतात, पण साडेतीन हजार मीटर उंचीवर आधी श्वासच सापडत नाही. देहरादूनचं रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलं, मग वर्षानुवर्षं बंद. २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये तिथं आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. चंद्रपूरहून आधी दिल्ली, मग पुढे. सरावाला रोज कोण जाणार?

दादा इथंच अडून बसला होता. मग वहिनी बोलली. २०१८ च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी पोरं एव्हरेस्टवर गेली, मनीषा धुर्वे त्यातलीच. "त्यांनी तरी बर्फ कुठं पाहिला होता?" दादा म्हणाला, त्यांच्यामागं सरकार होतं. खरं आहे ते. आमच्यामागं खाणीचा पगार आणि माझं हे मायक्रोफोन.

शेवटी ठरलं ते एवढंच: उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवस देहरादून. पडली, घाबरली, तरी चालेल. तिकीट दादाने काढलं, तेही परतीचं आधी!

तुमच्यापैकी कुणी चाकांवरून बर्फावर गेलं असेल तर एक सांगा: पहिल्यांदा बूट भाड्याने मिळतात का, की विकतच घ्यावे लागतात? मेसेज करा, ती रोज विचारतेय.